वानवळ्याचा चेपका टोप

"ओ घाटावरचे बाय! भायेर ये! आदी भायेर ये, मंग काय तो पुरान घोट!"

ठकूबाय आमच्या मागच्या दारात उभी राहून ओरडत होती. हातात ॲल्युमिनियमचा एक चेपका टोप. तो तिने डोक्याच्या वर असा धरला होता, जसा काही चोरीचा माल पंचांना दाखवायचाय. तिचा आवाज कोपरखैरण्यातून निघाला की तुर्भ्यापर्यंत मध्ये कुठे थांबत नसे. तिथल्या कारखान्यांत त्या दिवशी कामगारांनी जेवणाचा भोंगा झाला असं समजून डबे उघडले, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. आत माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कोपरापर्यंत पुरणात. मी पुरणयंत्राचा दांडा फिरवत होते आणि मनातल्या मनात पूर्णपणे ठकूबायच्या बाजूने होते.

"पुरे कर गो आता!" ठकूबाय म्हणाली. "माझी सून चुलीपाशी बसून रडते. तुझे पोल्यांच्या बदल्यान आता काय देऊ, माझा पोरगा?"

हे भांडण आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्या खारघरच्या ओट्यावर बसलेला निळ्या झाकणाचा एक डबा. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीने या थंडीत त्यातून गाजराचा हलवा दिला. हलवा संध्याकाळीच संपला. डबा मात्र तेव्हापासून माझ्याकडे बघतोय. रिकामा द्यायचा कसा? नारळाच्या वड्या कराव्यात तर नारळ नासका निघतो, चकल्या कराव्यात तर भाजणी संपलेली असते. ओट्याखाली वाकून बघितलंत तर अशा परक्या डब्यांची तिथे एक सोसायटीच उभी आहे, फक्त सेक्रेटरी नेमायचा बाकी आहे. लिफ्टमध्ये ती मुलगी दिसली की मी मोबाइल कानाला लावते आणि पलीकडे कुणी नसताना "हो हो, नक्की!" असं जोरात म्हणते. त्या बिचारीला डबा आठवतही नसेल. पण माझ्या मानगुटीवर आत्याबाई बसल्या आहेत, आणि आत्याबाईंच्या मानगुटीवर एक शब्द.

वानवळा. माझ्या मुलीला हे एखाद्या पाणपक्ष्याचं नाव वाटलं होतं. शेतात, परसात काही नवीन आलं, पहिली तोड झाली, की ती घरात पोटभर शिजायच्या आधी शेजारीपाजारी, सग्यासोयऱ्यांकडे चवीपुरती पोचवायची. ती ओंजळभर पोचवलेली वस्तू म्हणजे वानवळा. भेट म्हणावी तर तेवढी नटवी नाही, दान म्हणावं तर तेवढं अंगावर येत नाही. शेंगा, दोन वांगी, एखादी काकडी. बस. एवढ्याशा शब्दाने माझी एक अख्खी थंडी खाल्ली.

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. कोपरखैरण्यात आम्हाला तळमजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर मिळालं होतं. सेक्टरला नंबर होता, रस्त्याला नव्हता. दिवा होता, वीज असेलच असं नव्हतं. डास इतके तगडे की मच्छरदाणी ते उचलून बाजूला ठेवत आणि मग निवांत बसत. नवऱ्याची नोकरी तुर्भ्याच्या एका कंपनीत, माझी वाशीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे टायपिंगची. माझे सासरे, म्हणजे मामंजी, नुकतेच रिटायर झालेले. म्हणून मग कराडजवळच्या गावाहून मामंजी आणि आत्याबाई आमच्याकडे राहायला आले. मामंजी रमले. त्यांनी उभी हयात बस डेपोत कंट्रोलरची खुर्ची सांभाळलेली; नवीन जागी आलं की कुठली बस कुठे जाते एवढं कळलं की माणूस सुखी, असं त्यांचं मत.

आत्याबाईंचं तसं नव्हतं. गावी त्यांच्या दारावरून कुणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं. इथे दारावरून कुणी जातच नव्हतं. सगळे सकाळी कुलूप लावून पळत, रात्री कुलूप काढून झोपत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात शेंगदाण्याची चटणी कुटून वरच्या मजल्यावर नेली. वरच्या बाईने साखळी न काढता, फटीतून विचारलं, "कितीला?"

आत्याबाई चटणी घेऊन तशाच खाली आल्या. पदराने तोंड पुसलं आणि मुलाला सांगितलं, "शिमग्यापर्यंत बघते बाबा. न्हाई जीव रमला, तर मला गावच्या गाडीत बसवून दे. हितं मानूस असून नसल्यासारखं हाय."

बोलायचं म्हणून बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पत्र्याची ट्रंक त्यांनी पलंगाखालून काढून भिंतीशी ठेवली, डोळ्यांसमोर. आमचे हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. आणि सासू परत जाते म्हटल्यावर सुनेने खूश व्हावं असा जगाचा समज असेल तर असो; पण नोकरी करून घरी आल्यावर तयार चहा देणारं माणूस त्या अख्ख्या सेक्टरमध्ये मला एकच मिळालं होतं.

अशात एका सकाळी ठकूबाय आली. पुढच्या दाराने नाही, मागच्या, मोरीकडच्या. आमच्या इमारतीमागे नाल्यापर्यंत एक मोकळा तुकडा होता. तिथे बाग होणार असं सगळे म्हणत. बाग काही होईना, तेवढ्यात ठकूबायने वाल पेरले होते. ती बोनकोडे गावातली. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी, तिथे पूर्वी तिच्या घरचा भात लागे. आता गावात तिच्या भाड्याच्या खोल्या होत्या, मुलाचे ट्रक होते, अंगावर एवढं सोनं की ती उन्हात उभी राहिली तर समोरच्याला डोळे किलकिले करावे लागत. पण हाताला माती लागल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

तिने टोप पायरीवर ठेवला. आत वालाच्या कोवळ्या हिरव्या शेंगा. "पहिली तोड हाय," एवढंच म्हणाली आणि निघाली. ना नाव विचारलं, ना गाव.

आत्याबाई शेंगांकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून शब्द आला, "आगं बया! वानवळा!" आणि तोंडावर जे काही उजळलं, ते बघून मी पुढच्या संकटाची कल्पना करायला हवी होती. केली नाही.

त्या शेंगांची आमटी काय लागली म्हणता! त्यानंतर मी कित्येक वेळा वाल केले. पण त्या दिवशीची ती कडवट-गोड चव... खोटं नाही सांगत, मामंजींनी ताट चाटलं, आणि मग माझ्या ताटाकडे बघितलं.

संध्याकाळी टोप घासून ओट्यावर उपडा ठेवला, आणि घरात वाद पेटला.

"'वानगी'वरनं आलाय शब्द," मामंजी म्हणाले. त्यांना शब्दांचा नाद होता. डेपोत कर्ण्यावरून गावांची नावं पुकारून पुकारून त्यांना वाटू लागलं होतं की प्रत्येक शब्द कुठून तरी सुटतो, कुठे तरी पोचतो आणि मधल्या थांब्यांची माहिती कंट्रोलरला असलीच पाहिजे. "वानगी म्हणजे नमुना. व्यापारी मूठभर धान्य दाखवतो बघ, ती वानगी. तसंच हे. चव बघा, पसंत पडलं का कळवा. तेव्हा निरोप द्यायचा, फक्कड होत्या शेंगा. विषय संपला."

"व्यापाऱ्याचा काय संबंध?" आत्याबाई उसळल्या. "वाण ते वानवळं. संक्रांतीला बाया लुटत्यात ते वाण. बाईनं बाईला दिलेलं. वाण घेतलं की वाण द्यायचं असतंय. रिकामं भांडं परत धाडू? लोक शेण घालतील तोंडात."

"कुठले लोक? इथे आहेत कुठे लोक?"

"एक आलीया ना!" आत्याबाई म्हणाल्या.

त्यावर टोपात शेंगदाण्याची चटणी गेली. काठोकाठ.

मला अजून कळलेलं नाही की तो टोप दर खेपेला वाढत होता की माझी कंबर खचत होती. चटणी गेली, तिसऱ्या दिवशी टोपातून मुळे आले. मुळे असे की दारातून आडवे आत येईनात. मामंजींनी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला धरून, पलंग चढवतात तसे वळणावर तिरके करून आत घेतले. मुळ्यांवर आत्याबाईंनी गुळाच्या पोळ्या पाठवल्या. पोळ्यांवर वांगी आली, सोबत नारळ. त्यावर आत्याबाईंनी तिळाचे लाडू आणि वर कडाकण्या. कडाकण्या तळायच्या त्या नवरात्रात, त्यांचा तेव्हा काही संबंध नव्हता, पण टोपात कोपरा रिकामा दिसला म्हणाल्या.

तळण मी करायची. दळण मी आणायची. वाशीहून बसला लोंबकळत, पिशवीत डाळ-गूळ घेऊन मी घरी यायची, तर दारातच आत्याबाईंचा आवाज, "सुनंदे, आलीस? हात धू आनि पीठ मळ. टोप आलाय." टोप आलाय! पाहुणा आल्यासारखं. ऑफिसात टाइप करताना एकदा मी मालाच्या पावतीवर 'पंधरा गोणी वेलदोडे' असं लिहून मोकळी झाले, सिमेंट होतं.

मग एके दिवशी टोपातून सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आले आणि त्यांच्यासोबत सुका जवळा. खाडीकाठच्या घरातून येऊ शकणारी ही सगळ्यात मानाची वस्तू, हे आम्हाला कळायला वेळ लागला. आत्याबाईंनी आयुष्यात गोड्या पाण्याच्या माशापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. झाकण काढलं आणि तो वास उठला, उभा राहिला, आणि जिना चढून वर गेला. वरच्या बाईने त्या दिवशी प्रथमच दाराची साखळी काढली. मामंजी उपरण्याने नाक बांधून म्हणाले, "ही वानगी असेल तर मला मुख्य माल नको." आत्याबाईंनी मात्र दात-ओठ आवळून जवळा शिजवला, घासभर खाल्ला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, "तिनं एवढं दिलं, आता चटणी-लाडवावर भागायचं न्हाई. सुनंदे, हरभऱ्याची डाळ भिजत घाल."

म्हणून पुरण. म्हणून पुरणपोळ्या, एकदा, आणि मग परत कोंबडीची अंडी आली म्हणून पुन्हा पुरणपोळ्या. त्या दुसऱ्या पुरणाच्या वेळी ठकूबाय मागच्या दारात येऊन ओरडायला लागली.

आत्याबाई पुरणाने माखलेल्या हातांनीच बाहेर आल्या. चेहरा पांढरा. आजूबाजूच्या गॅलऱ्यांत पहिल्यांदाच माणसं दिसली. सेक्टरमध्ये इतकी वस्ती आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"काय चुकलं माझं?" आत्याबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक की माझाच जीव गलबलला.

"काय चुकला इचारते! वानोल्याचा टोप भरून कोन धारतं परत?"

"मंग काय रिकामा द्यायचा?"

"रिकामाच!" ठकूबायने टोप पायरीवर आपटला, त्याला एक नवीन पोचा पडला. "माझे सासूची रीत हाय. वानोल्याचा टोप रिकामा परत आला तं तो वानोला. भरून आला का तो बाजार झाला. मंग तुमचा माल माझे अंगावर. तो फेरायला नको? पहिले खेपंला मी बोलली, जाव दे, नवीन मानसं हान. तं तू थांबाचा नावच घेत नाय. मी मुला दिला, तू पोल्या. मी सोडे दिले, तू अजून पोल्या. आमचे घरान गोर खाऊन खाऊन पोरांचे दात किडले!"

"पन बाई," आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही द्यायचं आनि आम्ही नुसतं खायचं? ही कुठली रीत? आम्ही काय मागून खानारी मानसं हाय?"

एवढी सरळ गोष्ट या बाईला कळत नाही, याचा ठकूबायला खराच वैताग आला होता. तिने आमच्या मोरीच्या पाइपाकडे बोट केलं. पाइपातून साबणाचं, भांड्यांचं, मामंजींच्या लांबलचक आंघोळीचं पाणी पडायचं. तिथून एक बारीक चर निघून वळत वळत वालाच्या वाफ्यात गेला होता. तो चर आम्ही रोज बघत होतो. तो कुणी खणला, कशाला खणला, हा प्रश्न आम्हा चौघांपैकी एकालाही पडला नव्हता.

"तो बग. या साली नाल्याला पानी हाय का? तुमचे मोरीचे पान्यावर वाल आलाय. हितून माझा बांध जायचा, तुमचे पायरीखालून. बांधाचे पलीकडं जो हाय त्याचा पानी माझे शेतान येते, म्हनून पहिली तोड त्याची. तुमचाच तुमाला दिला. त्याचा परत काय देताव?"

मामंजी माझ्या मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे वानगी नाही." थोड्या वेळाने, "वाणसुद्धा नाही."

"मग शब्द कुठून आला हो ठकूबाई?" त्यांना राहवलं नाही.

"मना काय म्हाईत?" ती खेकसली. "माझी सासू बोलाची. तिला इचारा. ती मेली."

आत्याबाईंच्या डोक्यात मात्र भलतंच अडकलं होतं. "म्हंजी ती आमटी... मोरीच्या पान्याची?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मामंजींकडे बघितलं, आणि मामंजींनी ताट चाटलेलं आठवून आकाशाकडे.

"तर काय शिशीतला पानी घालू वालाला?" ठकूबाय म्हणाली. "दे माझा टोप. आनि रिकामा दे."

मी आत्याबाईंना बाळंतपणं करताना पाहिलंय, सापाला काठीवर उचलून बांधापलीकडे टाकताना पाहिलंय. पण तो रिकामा टोप उचलून द्यायला त्यांना जेवढं जड गेलं तेवढं दुसरं काही गेलं नसेल. टोप विसळला. पुसला. परत पुसला. हात आपसूक गुळाच्या डब्याकडे गेला. ठकूबाय दारातून ओरडली, "ओ!" हात मागे आला. मग चिमूटभर साखरेकडे गेला. "ओ, बगते मी!" शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि टोप पुढे केला. ठकूबायने तो उलटा करून पायरीवर दोनदा ठोकला, आत डोकावून पाहिलं, काखेत मारला आणि निघून गेली. मागे वळून बघितलंही नाही.

आत्याबाई पायरीवर बसल्या. पुरण हातावर वाळून गेलं. "गेली," म्हणाल्या. "एक मानूस जोडलं हुतं, ते बी घालवलं. आता कशाला येतीया."

नंतरचे दिवस म्हणजे... मी तळणातून सुटले होते. मला वेळेवर झोप मिळत होती. आणि मला ते घर खायला उठत होतं. आत्याबाईंच्या ट्रंकेत एकेक लुगडं घडी करून जात होतं. बाहेर शिमग्याची लाकडं जमायला लागली होती. मोकळ्या प्लॉटवर सेक्टरमधली पोरं पत्र्याचे डबे बडवत फिरत. मागच्या दाराची कडी वाजली की आत्याबाई अर्ध्या उठत. वाऱ्याने वाजलेली असे.

मी आता विचार करते, रिकामं भांडं परत करायला आपण इतकं का घाबरतो? आत्याबाईंच्या गावची आमच्या नात्यातली एक बाई चार चमचे लोणच्याचा वाडगा फेडायला म्हणून पायी दुसऱ्या गावाला गेली होती आणि वाटेत तिला अजून तीन वाडगे मिळाले. ती म्हणे परत आलीच नाही, अजून फिरतेय. आम्ही सगळ्या तिच्याच कुळातल्या. कुणाचं काही अंगावर राहू द्यायचं नाही यालाच आम्ही माणुसकी म्हणतो. 'वानवळा'चं मूळ विचारलंत तर जाणकार बहुतेक 'वानगी'कडेच बोट दाखवतील, म्हणजे मामंजी जिंकले. असोत बापडे. माझ्यापुरतं मूळ त्या चरात आहे.

एका सकाळी मी दूध घ्यायला मागचं दार उघडलं, तर पायरीवर टोप. दोन्ही पोच्यांसकट. आत वांगी आणि मूठभर सोललेले वालाचे ओले दाणे. ठकूबाय तोवर वाफ्यात वाकलेली, आमच्याकडे पाठ.

मी हाक मारायच्या आत आत्याबाई तिथे पोचल्या होत्या. टोप आत नेला. वांगी काढून घेतली. टोप विसळून पायरीवर ठेवला, उपडा. मला वाटलं, चला, सुटलो.

छे! दुपारी मी धुण्याला बसले तर मागून आवाज आला, "सुनंदे, ती पावडर एवढी वतू नको. वालाला बाधंल." दुसऱ्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं मोरीत जाऊ लागलं, डाळीचं वेगळं. धुण्याच्या सोड्याने भांडी घासायची नाहीत. कपडे साबणाने धुवायचे ते पुढच्या नळावर, ओळीत उभं राहून, बादल्या वाहून. मोरीत फक्त खळबळायचे. मामंजींना हुकूम झाला की आंघोळ सकाळी उन्हं यायच्या आत करायची आणि भरपूर पाणी घ्यायचं. ते बिचारे थंडीने काकडत, डेपोच्या कर्ण्याच्या आवाजात आतून ओरडत, "अजून किती तांबे?" आणि बाहेरून आत्याबाई चराकडे बघत सांगत, "वता अजून, कडंच्या वेलाला न्हाई पोचलं!" सिमेंटचे वेलदोडे करणं यापेक्षा सोपं होतं, हे मला तेव्हा पटलं. ठकूबाय वाफ्यातून सगळं ऐकायची. एकदा तिचे खांदे हलताना मी पाहिले.

शिमगा दोन दिवसांवर आला. आमचे हे कंपनीतून आले, बूट न काढताच दारात उभे राहिले. ट्रंकेकडे बघितलं, आईकडे बघितलं. आत्याबाई मोरीच्या तोंडाशी बसून काडीने चरातला गाळ काढत होत्या.

"आई," ते घसा साफ करून म्हणाले, "शिमगा आला. कराडच्या गाडीचं तिकीट काढू?"

आत्याबाईंनी मान वर केली नाही.

"कशाला? वाल अजून वाळायचेत."